साष्टी बेटाचा चढाव

"बाबा, तुम्हाला खरंच गाडी चालवता येते का?"

गुरुदत्त गुप्ते स्टुलावर उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते. दर शनिवारी संध्याकाळी बारा वेढे, हा नेम. आज किल्ली सातव्या वेढ्याला थांबली. दाराबाहेरच्या गॅलरीत चपलांची चुळबुळ झाली आणि लगेच सगळं चिडीचूप. उत्तराने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि हसू फुटलं की पैज हरली. प्रश्न सरळ चेहऱ्याने विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही, असं ठरलं होतं.

पैज लावणारी मालू म्हात्रे. पाचवीपासून दहावीपर्यंत ती उत्तराच्याच बाकावर बसलेली. तिचे वडील दामाजी यांचं मानपाडा रस्त्याला 'जनाबाई मोटार ट्रेनिंग स्कूल' होतं. जनाबाई म्हणजे दामाजींची आई. तिला मोटारीत बसलं की मळमळायचं, पण पाटीवर नाव तिचंच. डोंबिवलीत कोणाला गाडी येते आणि कोणाला येत नाही, हे मालूला घरबसल्या जेवता जेवता कळायचं. त्या गप्पांत उत्तराच्या बाबांचं नाव कधीच निघालं नव्हतं.

"लायसन आहे त्यांच्याकडे," उत्तराने ठणकावून सांगितलं होतं.

"रेशनकार्ड आमच्याकडं पन हाय," मालू म्हणाली होती, "म्हनून काय आमी रेशनचं दुकान चालवतो?"

बाकीच्या तिघी खिदळल्या, आणि उत्तराचं नाक लाल झालं. तिथूनच ही पैज निघाली.

गुरुदत्त स्टुलावरून खाली उतरले. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून त्यांनी लायसन काढलं. ते कायम तिथेच असायचं, रेल्वेच्या पासामागे, प्लॅस्टिकच्या पाकिटात. धूळ नव्हतीच, तरी त्यांनी पाकिटावरून अंगठा फिरवला.

"येते की," ते म्हणाले. पण उत्तराकडे बघून नव्हे. लायसनवरच्या त्या काळ्या मिशांच्या तरुण माणसालाच जणू त्यांनी सांगितलं.

स्वयंपाकघरात कढईतला झारा थांबला होता. तो पुन्हा हलायला लागला.

"मग पुढच्या रविवारी बेटावर जायचं?"

"जायचं." ते परत स्टुलावर चढले. राहिलेले पाच वेढे ते द्यायला लागले. उत्तरा मोजत होती, सहा झाले.

हे बेट उत्तरानेच शोधून काढलं होतं. खरं तर त्या मे महिन्यात जायचं होतं अंदमानला. बाबांच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीत कोणीतरी जाऊन आलं होतं. तिथे म्हणे जीप भाड्याने मिळते, आपली आपण चालवायची. डोंगरातून रस्ता, आणि प्रत्येक वळणाला समुद्र. बाबांनी रंगीत माहितीपत्रक आणलं आणि दिवाळीपासून घरात अंदमानच अंदमान सुरू झालं. "जीप घेऊ. मीच चालवीन," असं ते आधी जेवताना म्हणाले, मग सोसायटीच्या सभेत, मग दूधवाल्याला. उत्तराने ते सगळ्या वर्गाला सांगितलं. एप्रिलमध्ये कंपनीत परदेशातून पाहुणे येण्याचं निघालं आणि मे महिन्याच्या सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. माहितीपत्रक ट्रंकेच्या तळाशी गेलं. "पुढच्या वर्षी नक्की," बाबा म्हणाले, आणि दोन दिवस कमी जेवले.

उत्तरा एक दुपारभर रडली. दुसऱ्या दुपारी ती दहावीची पुस्तकं रद्दीला बांधायला बसली, तर भूगोलाच्या पुस्तकातून जिल्ह्याचा नकाशा बाहेर पडला. तिने तो नीट पाहिला आणि एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या भीमाबाई लाटणं घेऊन धावत आल्या. ठाणं बेटावर होतं. पाच वर्षं 'साष्टी बेट' म्हणून पाठ केलं आणि हे कधी डोक्यातच शिरलं नव्हतं. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची, पश्चिमेला अख्खा अरबी समुद्र. डोंगर म्हणाल तर येऊरचा होताच. आणि उष्ण कटिबंध पंख्याखाली बसूनही कळत होता.

"आणि डोंबिवली बेटावर नाहीये," तिने आईला नकाशा दाखवत सांगितलं. "म्हणजे आपल्याला बेटावर जाता येतं. ठाण्याच्या लोकांना बिचाऱ्यांना हे सुखच नाही."

बेट ते बेट. गाडी भाड्याने घ्यायची, खाडी ओलांडायची, डोंगर चढायचा आणि डबा खाऊन परत यायचं, एवढा साधा बेत. बाबा हसून "बघू" म्हणाले होते. त्या 'बघू'चा 'जायचं' झाला, तो आज, मालूच्या पैजेपायी.

मैत्रिणी गेल्यावर उत्तरा जिंकल्याच्या तोऱ्यात स्वयंपाकघरात शिरली. आई ताटात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. सुमेधाबाई नगरपालिकेच्या शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवायच्या, आणि घरी कोणाला रागवायचं झालं तर आवाज चढवण्याऐवजी उतरवायच्या.

"असं चारचौघींना दारात उभं करून विचारायचं नसतं, उत्तरा."

"पण येते ना त्यांना?"

आईने थोडा वेळ तांदूळ इकडचे तिकडे केले. मग सांगितलं. उत्तरा तेव्हा पोटात होती. बाबांनी नवंनवं लायसन काढलेलं, मित्राची जीप मागून आणलेली, दोघंच माळशेजला निघालेले. घाटात मधल्याच चढावावर जीप बंद पडली. त्यांनी परत सुरू केली, तर ती पुढे जायच्या ऐवजी मागे सरकायला लागली. आठ-दहा हात गेली असेल. कडेच्या दगडाला चाक अडलं आणि थांबली. कोणाला काही लागलं नाही.

"मग?"

"मग काय. मी हसले."

"हसलीस?"

"भीतीनेही हसू येतं गं कधी कधी. मला ते थांबवताच येईना. त्यांना वाटलं असेल..." आईने तांदळातला एक खडा उचलला आणि तो बराच वेळ चिमटीत धरून ठेवला. "त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. लायसन मात्र दर वेळी रिन्यू करून आणतात. सोळा वर्षं झाली. मीही कधी विषय काढला नाही."

उत्तराच्या तोऱ्यातली हवा गेली. पैजेत काय लागलं होतं ते तिला आत्ता कळलं. रविवारी त्या चढावावर गाडी पुन्हा मागे आली, तर बाबा ते लायसन यापुढे खिशात ठेवणार नाहीत. कदाचित अंदमानचं नावही काढणार नाहीत.

"नको जायला मग," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना, माझं पोट दुखतंय."

"आता नाही," आई म्हणाली. "आता जायचं."

आठवडाभर बाबा जेवतानाही डावा पाय टेबलाखाली सावकाश वरखाली करायचे. उत्तराने ते पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. विषय बदलायला तिने आईची थट्टा आरंभली. आई दिवाळीपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी भरतकामाच्या क्लासला जात होती. सहा महिन्यांत घरी काय आलं, तर उशीच्या अभ्र्यावरचा एकच मोर, आणि त्यालाही पिसारा नाही. उत्तरा त्याला 'कोंबडी' म्हणायची. एरवी बाबा थट्टेची अशी संधी सोडायचे नाहीत. भीमाबाईंच्या मांजरालाही ते सोडत नसत. पण मोराचा विषय निघाला की ते घड्याळाकडे बघायचे.

रविवारी सकाळी सातला दामाजी स्वतः गाडी घेऊन आले, आणि गॅलरीतून वाकलेल्या उत्तराचा जीवच गेला. ती शिकवायची फियाट होती. टपावरची पाटी तेवढी काढलेली, पण पुढच्या काचेवर तळहाताएवढं लाल 'एल' तसंच. मागून स्कूटरवरून मालूही आली होती, तिच्या भावाच्या मागे बसून, मजा बघायला.

"तुमची अँबेसिडर कुठंय?" उत्तराने तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं. "लग्नाला देता ती?"

"घरीच हाय. बाबा तीच द्याला बघत होता. तुझे पप्पाच नाय बोल्ले. मना हीच पायजे, बोल्ले." मालूने डोळा मिचकावला. "हिला डाव्या बाजूला पन क्लच-ब्रेक हाय ना. शिकवनाऱ्याचा. घाबरले असतील."

उत्तराला मालूच्या वेणीला हिसका द्यावासा वाटला. बाबा घाबरले असतील हे तिला ठाऊक होतं. मालूला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दामाजींनी किल्ली दिली आणि बाबांना चार सूचना केल्या. चढावाला दुसऱ्यातच ठेवायची, हाफ क्लच इसरायचा नाय, मागं आली तर घाबरायचा नाय. बाबा प्रत्येक सूचनेला मान डोलवत होते. मग दामाजी आईकडे वळले आणि एवढंच म्हणाले, "वैनी, तुमी पुढं बसा."

"पुढे मी," उत्तरा म्हणाली. पुढची सीट हा तिचा हक्कच होता. बसमध्ये खिडकीची बाजू तिची, आंब्याची कोय तिची, सिनेमात कडेची खुर्ची तिची. आईने आजवर कधी कुठल्या जागेवर हक्क सांगितला नव्हता.

"आज मी," आई म्हणाली.

"नकाशा माझ्याकडे आहे."

"मागून सांग. आवाज पोचतो तुझा."

बाबांनी पुढचं डावं दार आईसाठी उघडून धरलं. आई पदर सावरून आत बसली. तेव्हा उत्तराला साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले, शाळेत कवायतीला घालायचे, नाडीचे.

"आई, साडीवर बूट?" ती कुजबुजली. मालू बघत होती.

"डोंगरात दगडधोंडे असतात," आई म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

गाडी दोन आचके देऊन फाटकाबाहेर पडली. मानपाडा रस्त्याला बाबांचे खांदे कानांना लागलेले होते. कल्याण-शीळ रस्त्याला लागेपर्यंत ते बोटभर खाली आले. शीळफाट्याला एक ट्रक त्यांच्या मागे भोंगा वाजवत उभा राहिला आणि गाडी बंद पडली. ती परत सुरू झाली. मुंब्र्याच्या बाजारातून ती पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने गेली. एका म्हाताऱ्याने खिडकीशी चालता चालता बाबांना किती वाजले विचारलं, आणि बाबांनी ते सांगितलंही. उत्तरा मागच्या सीटवर नकाशा मांडीवर पसरून सारखी बडबडत होती. ती गप्प राहिली असती तर इंजिनाचा आवाज फार मोठा वाटला असता.

कळव्याच्या पुलावर भरती होती. खालून दोन होड्या चालल्या होत्या आणि वाऱ्याला चिखलाचा, माशांचा, मिठाचा वास होता.

"अर्धा पूल झाला," उत्तराने जाहीर केलं. "आता... आता... बेट."

बाबा पहिल्यांदा हसले. "उतरून झेंडा रोवायचा का?"

"परत येताना रोवू," आई म्हणाली.

ठाण्यातून वाट काढत ते वर्तकनगरला आले. उपवनच्या तळ्याला वळसा घातला, आणि रस्त्याने कमरेत वाकून डोंगर धरला. एका बाजूला सागाचे उघडे बुंधे, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. पहिलं वळण गाडीने कुरकुरत घेतलं, दुसरं जरा बरं. तिसऱ्या वळणावर वरून बस येताना दिसली. रस्ता बसपुरताच होता. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मागे एक स्कूटर थांबली, तिच्यावर नवरा-बायको आणि पुढे उभी चार-पाच वर्षांची मुलगी, डोक्याला लाल रिबीन.

बस गेली. रस्ता मोकळा झाला. बाबांनी गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय उचलला. गाडीने एक मोठा आचका दिला आणि बंद पडली. मग ती मागे निघाली.

मागून स्कूटरचा भोंगा वाजला, आणि वाजतच राहिला. बाबांची मान ताठ झाली होती. त्यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि पाय कुठे आहेत हे त्यांना माहीत नसावं. गाडी हातभर सरकली, आणखी हातभर. उत्तरा दोन सीटांच्या मधून पुढे वाकली. तिची नजर खाली गेली.

आईने साडी घोट्यांच्या वर घेतली होती. दोन्ही पांढरे बूट डाव्या बाजूच्या पेडलांवर होते, घट्ट. गाडी थांबली होती.

आई खिडकीबाहेर बघत होती. तिच्या ओठांवर हसू नव्हतं.

"करवंदं पिकलीत बघा," ती म्हणाली, दारावर आलेल्या भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात. "येताना थांबू या का हो?"

बाबांनी ओठ ओले केले. "थांबू," ते म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, त्यांनी जरा रेस केलं, ते गुरगुरलं. आईचा डावा बूट टाचेवर टेकून हळूहळू, अगदी हळूहळू वर यायला लागला, जसा दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक करतात तसा. गाडीच्या अंगातून एक थरथर गेली. मग उजवा बूट सुटला. बाबांचा डावा गुडघाही तसाच सावकाश वर येत होता. गाडी चढावाला लागली.

"चढली," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता.

"चढणारच," आई म्हणाली.

मागे लाल रिबीनवाली मुलगी हात हलवत होती. उत्तरानेही हलवला. मग ती सीटला टेकून बसली आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. मंगळवार आणि शुक्रवार दुपार, जेव्हा ती आणि मालू शाळेत असायच्या. साडीवरचे बूट. बिनपिसाऱ्याचा मोर. 'वैनी, तुमी पुढं बसा.' आई सहा महिने दामाजींच्या गाडीवर चढाव शिकत होती, आणि बाबांना पत्ता नव्हता. उत्तराने तोंडावर हात दाबून धरला. एवढं मोठं गुपित तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते तिच्या पोटात मावत नव्हतं.

शेवटच्या वळणाला, तिसऱ्याहून उभ्या चढावावर, रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती. बाबांनी गाडी थांबवली. गाय सावकाश उठली, त्यांच्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि बाजूला झाली. उत्तराने पुन्हा वाकून पाहिलं. आईने दोन्ही पाय मागे घेतले होते. घोट्यावर घोटा टाकून ते सीटखाली सरकवले होते, आणि हात मांडीवर जोडले होते. बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसत होती.

बाबांनी खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. एकच क्षण. मग समोर. गाडी थरथरली, वीतभर मागे आली, थबकली, आणि चढली.

आईने पर्समधून आवळा सुपारीची डबी काढली, आणि दोन तुकडे बाबांच्या तळहातावर ठेवले.

वर, एका आंब्याखाली त्यांनी सतरंजी अंथरली. आईने सोड्यांची खिचडी आणली होती, आणि बाबांनी ती तीनदा घेतली. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरल्याचा अभिनय करत अख्खा रस्ता पुन्हा सांगत होते, ज्या दोघी त्यांच्याबरोबर होत्या त्यांनाच.

"तिसऱ्या वळणावर जरा हे झालं," ते म्हणाले. "पण सावरली."

"सावरली ना," आई म्हणाली.

"गाडी चांगली आहे," बाबा म्हणाले, आणि आईच्या पानात लिंबाची फोड ठेवली.

जेवणानंतर उत्तरा चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेली. थर्मास मागच्या सीटवर होता, पण ती पुढे, बाबांच्या जागेवर बसली. स्टिअरिंग उन्हाने तापलं होतं. तिने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला, खाडीपूल ओलांडला, मालूला ओव्हरटेक केलं. मग क्लचवर पाय ठेवून तो आतपर्यंत दाबला.

डावीकडे काहीतरी हललं. शिकवणाऱ्याच्या बाजूचं क्लचचं पेडल, रिकाम्या सीटसमोर, आपलं आपणच खाली गेलं होतं.

तिने पाय उचलला. तेही वर आलं. ब्रेक दाबला, तिकडचा ब्रेक खाली. तिने वाकून पाहिलं. दोन्हीकडच्या पेडलांना खालून एकच लोखंडी दांडा जोडलेला होता. ती उतरली, वळसा घालून आईच्या जागेवर बसली, आणि तिथला क्लच हाताने दाबला. उजवीकडचा खाली गेला. सोडला, वर आला.

म्हणजे तिसऱ्या वळणावर बाबांच्या बुटाखालचं पेडल त्यांनी न दाबता खाली गेलं होतं. आणि हळूहळू वर येताना त्यांचा गुडघा घेऊन वर आलं होतं. ते त्यांना कळलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं. आणि शेवटच्या वळणावर ते त्यांच्याशिवाय दुसरं कोणीच दाबत नव्हतं, हेही.

म्हणजे बाबांना आधीपासूनच पत्ता होता. मालू म्हणाली होती, तुझ्या पप्पांनीच हीच गाडी मागितली. मोराचा विषय निघाला की बाबा घड्याळाकडे बघायचे.

पुढच्या काचेतून, उलट्या दिसणाऱ्या लाल 'एल'च्या पलीकडे, आंब्याखालची सतरंजी दिसत होती. आई डबे बांधून उठली होती आणि तिच्या एका बुटाची नाडी सुटली होती. बाबा तिला काहीतरी म्हणाले. ती नको नको करत मागे सरकली. बाबा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी ती नाडी बांधली. मग, सुटली नव्हती तरी, दुसऱ्या बुटाचीही सोडून पुन्हा घट्ट बांधली, दुहेरी गाठीने. चढाव संपला होता, पण उतार अजून बाकी होता.

उत्तराने थर्मास घेतला आणि गाणं म्हणत, पाय आपटत, दुरूनच ऐकू जाईल अशी त्यांच्याकडे गेली.

उतारावर ते करवंदांसाठी थांबले. रस्त्याकडेला बसलेल्या एका बाईने पानाच्या द्रोणातून ती दिली, आणि तिघांची बोटं जांभळी झाली. आईचे बूट कधी पेडलांवर असत, कधी नसत. उत्तरा आता वाकून बघत नव्हती. ती मागे टेकून बसली होती, आणि एवढा वेळ गप्प होती की बाबांनी दोनदा आरशातून पाहिलं.

"पोट दुखतंय का गं?" आईने विचारलं.

"नाही."

कळव्याच्या पुलावर ओहोटी लागली होती. सकाळच्या होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. बेट मागे राहत होतं. डोंबिवलीत मालू आणि तिघी जणी फाटकाशी उभ्या असणार, आणि पहिला प्रश्न तोच असणार. 'येते,' एवढंच सांगायचं, उत्तराने ठरवलं. ते खरंच होतं. पण तिच्या पोटात आणखी एक ठरलेलं होतं, आणि ते डोंबिवलीपर्यंत टिकणार नव्हतं. तिने दोन्ही कोपर पुढच्या दोन सीटांवर टेकवले, एक बाबांच्या, एक आईच्या.

"मी एक ठरवलंय," ती म्हणाली.

"आता काय?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी अंदमानला जीप घेऊ ना, तेव्हा मी मागेच बसणार. पुढे तुम्ही दोघं. जाताना बाबा चालवतील, आणि येताना आई. आणि हे मी मालूला सांगणार नाहीये."